अमॉक्सिसिलिन चालू असताना न उतरणारा ताप: चार वर्षांच्या मुलीचं प्रकरण

चार वर्षांची मुलगी, वजन १६ किलो. लसीकरण वेळेवर झालेलं, न्यूमोकोकस आणि हिबच्या लशींसह. दमा नाही, याआधी कधी भरती व्हावं लागलं नाही, घरात क्षयरोग नाही. ताप येऊन पाच दिवस झाल्यावर आई तिला माझ्याकडे घेऊन आली. ओळख पटेल असं काहीही इथे ठेवलेलं नाही. आजाराचा क्रम, दिलेली औषधं आणि पहिल्या दिवशी माझ्याकडून राहून गेलेली गोष्ट मात्र घडली तशीच सांगते आहे.

पहिली भेट, तापाचा पाचवा दिवस

पहिले दोन दिवस घसा दुखतो म्हणत होती. नाक फारसं वाहिलं नाही. तिसऱ्या दिवसापासून कोरडा खोकला सुरू झाला. ताप ३८ ते ३९ अंश सेल्सिअस; पॅरासिटामॉल दिलं की उतरायचा, चार-पाच तासांनी पुन्हा चढायचा. जेवण निम्म्यावर आलेलं, पण पाणी आणि दूध व्यवस्थित, लघवी नेहमीसारखी. तपासताना ताप ३८.७. श्वास पूर्ण मिनिटभर मोजला, तो ४२ भरला. ऑक्सिजन ९६ टक्के. बरगड्या आत ओढल्या जात नव्हत्या. पाठीवर उजवीकडे खालच्या भागात थोडी बारीक करकर, बाकी छाती मोकळी.

एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असेल तर तो जलद धरायचा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. खोकला, जलद श्वास आणि एका बाजूची करकर एवढ्यावर न्यूमोनियाचं निदान केलं. अमॉक्सिसिलिन सुरू केलं, किलोमागे दिवसाला ९० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. एक्स-रे काढला नाही, रक्तही घेतलं नाही. ऑक्सिजन चांगला असलेल्या आणि तोंडाने औषध घेऊ शकणाऱ्या मुलाला त्याची गरज नसते. ताप ४८ ते ७२ तासांत उतरला नाही तर परत या, असं सांगितलं आणि धोक्याची लक्षणं कागदावर लिहून दिली.

या निर्णयाबद्दल मला आजही खंत नाही. या वयातल्या न्यूमोनियाचं सर्वांत मोठं कारण विषाणू, आणि जिवाणूंमध्ये सर्वांत जास्त धास्ती न्यूमोकोकसची. तो काही तासांत मूल गंभीर करू शकतो आणि अमॉक्सिसिलिनला सहसा दाद देतो. अशीच मुलगी उद्या समोर आली तर पहिलं औषध तेच देईन.

राहिलं ते दुसरंच. मी विचारलं होतं, "घरात आणखी कोणी आजारी आहे का?" आई म्हणाली, "नाही." मी केसपेपरवर लिहिलं, घरात कोणी आजारी नाही.

आठवा दिवस

"डॉक्टर, ७२ तास झाले. एक डोस चुकवलेला नाही. आणि ताप जसाच्या तसा," आई आत येता येताच म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. रात्री खोकल्याची ढास लागली की मुलगी उठून बसायची, पाच-दहा मिनिटं खोकत राहायची आणि मग दमून आईच्या खांद्यावर झोपायची.

मुलगी माझ्या टेबलाच्या कडेला उभी राहून कागदावर रेघोट्या ओढत होती. ताप ३९.१, श्वास ४६, ऑक्सिजन ९४. करकर आधीइतकीच, उजवीकडेच. आता दोन्ही बाजूंना श्वास सोडताना हलकी घरघर होती. एक्स-रे पाहिला आणि पुन्हा मुलीकडे पाहिलं. उजव्या खालच्या खंडात ठसठशीत पांढरा डाग, शिवाय दोन्ही बाजूंना फुप्फुसांच्या मुळापासून बाहेर पसरलेल्या रेषा. कानाला जेवढं ऐकू आलं त्याच्या मानाने फिल्मवर बरंच जास्त होतं, आणि फिल्मवर जे होतं त्याच्या मानाने मुलगी फारच बरी दिसत होती.

औषध लागू पडत नाही असं दिसलं की डोक्यात एक ठरलेली यादी येते. डोस कमी पडला का? उलटीवाटे गेला का? छातीत पाणी झालं का? जंतू औषधाला दाद देत नाही का? मुळात विषाणूच आहे का? क्षयरोग? गिळलेला शेंगदाणा किंवा मणी श्वासनलिकेत अडकला आहे का? यातले डोस आणि उलटी हे प्रश्न आईच्या वहीने मिटवले. तिने एका छोट्या वहीत तारीख, वेळ, ताप आणि दिलेलं औषध अशा चार उभ्या रांगा आखल्या होत्या. इतकी नेटकी नोंद मला क्वचितच पाहायला मिळते. सोनोग्राफीत छातीत पाणी नव्हतं. खेळता खेळता अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला, असंही कधी घडलं नव्हतं.

ती वही परत देताना मागचं पान उलटलं गेलं. त्यावरही तशाच चार रांगा होत्या, अक्षर तेच, तारखा मात्र जवळजवळ चार आठवड्यांपूर्वीच्या.

"हे कोणाचं?"

"मोठ्याचं. नऊ वर्षांचा आहे. त्याला चार दिवस ताप होता, मग नुसताच खोकला. अजून रात्री थोडा खोकतो, पण शाळेत जातो, खेळतो. आजारी असा नाही तो."

तारखा मोजल्या. भावाला ताप आला त्यानंतर बरोबर वीस दिवसांनी बहिणीला ताप आला होता. त्याच्या वर्गातली आणखी दोन-तीन मुलं त्या सुमारास खोकत होती, हेही आता निघालं.

'आजारी आहे का' या माझ्या प्रश्नाला आईने अगदी खरं उत्तर दिलं होतं. मुलगा त्या दिवशी आजारी नव्हताच. फ्लू किंवा आरएसव्हीसारख्या विषाणूंचा संसर्ग लागण झाल्यापासून साधारण दोन ते सहा दिवसांत दिसू लागतो, त्यामुळे एका घरातली मुलं एकाच आठवड्यात आडवी होतात आणि वर्तमानकाळातला प्रश्न पुरतो. मायकोप्लाझ्मा न्यूमोनिये या जिवाणूला दोन ते तीन आठवडे लागतात, कधी चारही. दुसरं मूल तापाने पडतं तोपर्यंत पहिलं शाळेत परत गेलेलं असतं. घरात एकामागून एक, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने आजारपणं निघणं ही या जंतूची चाल आहे, आणि ती विचारल्याशिवाय कळत नाही, कारण इतक्या अंतरावरच्या दोन आजारांचा संबंध घरातल्या कोणाच्याही मनात येत नाही.

लॅबमधून आलेला फोन

रक्त पाठवलं होतं. तासाभराने लॅबच्या टेक्निशियनचा फोन आला. "मॅडम, पांढऱ्या पेशी ८,९०० आहेत, ते ठीक आहे. पण लाल पेशींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मी रिपोर्ट सोडत नाही अजून."

मशीनने हिमोग्लोबिन ११.० दिलं होतं, पण लाल पेशी फक्त २४ लाख, आणि एमसीएचसी ४६.८. एमसीएचसी म्हणजे लाल पेशींच्या आत हिमोग्लोबिन किती दाट आहे त्याचं माप. ते ३२ ते ३६ च्या आसपास असतं. पेशीत हिमोग्लोबिन भरायला मर्यादा आहे. ४६ हा आकडा शरीरात असूच शकत नाही. लॅबमधली माणसं एक साधा हिशेब वापरतात: हिमोग्लोबिनची तिप्पट म्हणजे साधारण हिमॅटोक्रिट, म्हणजेच रक्तात लाल पेशींनी व्यापलेला टक्का. ११ ची तिप्पट ३३. मशीन दाखवत होतं २३.५.

मी खाली लॅबमध्ये गेले. टेक्निशियनने नळी तिरकी करून दिव्यासमोर धरली. रक्त काचेवरून सरकलं तेव्हा मागे लाल, बारीक, रव्यासारखे कण चिकटून राहिले. त्याने नळी बर्फाच्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट ठेवली, पुन्हा तिरकी केली. कण जाड झाले होते, काचेवर खडबडीत थर दिसत होता. मग त्याने ती दोन्ही तळव्यांत धरून चोळली. पाहता पाहता कण विरले आणि रक्त पुन्हा एकसारखं वाहू लागलं. नमुना ३७ अंशांवर गरम करून मशीनवर परत लावला: लाल पेशी ४१ लाख, हिमॅटोक्रिट ३२.८, एमसीएचसी ३३.५. हिमोग्लोबिन तेच, ११.०.

थंडीत लाल पेशींना एकमेकींना चिकटवणाऱ्या या प्रतिपिंडांना कोल्ड ॲग्लुटिनिन म्हणतात. चिकटून आलेल्या दोन-तीन पेशींच्या गुठळीला मशीन एकच मोठी पेशी समजतं, म्हणून संख्या कमी येते. हिमोग्लोबिन मोजताना पेशी फोडल्याच जातात, म्हणून ते बरोबर येतं. मायकोप्लाझ्माच्या साधारण निम्म्या रुग्णांत ही प्रतिपिंडं पहिल्या आठवड्याच्या शेवटापासून दिसू लागतात. ती इतर काही संसर्गांतही, उदाहरणार्थ एपस्टाइन-बार विषाणूच्या, तयार होतात, त्यामुळे त्यांच्या जोरावर निदान पक्कं होत नाही. पण वहीतलं मागचं पान आणि ही नळी एकाच दुपारी समोर आल्यावर माझ्या मनात फारशी शंका उरली नाही. तो फोन त्याने केला नसता, आकडे तसेच छापून पाठवले असते, तर 'तीव्र रक्तक्षय' वाचून आम्ही कदाचित रक्त चढवण्याची चर्चा करत बसलो असतो. हिमोलिसिस, म्हणजे शरीरात लाल पेशी फुटणं, नाही ना, हे मात्र पाहिलं: बिलिरुबिन आणि रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) नेहमीच्या मर्यादेत, लघवीचा रंग स्वच्छ. सीआरपी हे दाह दाखवणारं माप ३४, म्हणजे वाढलेलं, पण फार नाही.

अमॉक्सिसिलिन का चाललं नाही

आईने हाच प्रश्न विचारला, आणि त्यामागची भीती उघड होती: "म्हणजे तिच्या अंगात औषधाला न जुमानणारा जंतू शिरला आहे का?"

पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफालोस्पोरिन ही सगळी औषधं जिवाणूभोवतीची पेशीभित्तिका बांधण्याचं काम बंद पाडतात. भिंत अर्धवट राहिली की जिवाणू फुटतो. मायकोप्लाझ्माला ही भिंतच नसते. त्याच्याभोवती नुसतं पातळ पटल असतं. तेव्हा अमॉक्सिसिलिन दुप्पट करा, शिरेतून द्या किंवा त्याऐवजी महागातलं सेफट्रायॲक्सोन लावा, औषधाला धरायला जागाच नाही. याला औषधाविरुद्ध कमावलेला प्रतिकार म्हणता येणार नाही. तो जन्मतःच तसा आहे. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला.

भिंत नसल्यामुळेच या जंतूने डॉक्टरांना फार वर्षं चकवलं. अमेरिकेत होबार्ट रायमन यांनी १९३८ मध्ये नेहमीपेक्षा वेगळ्या वळणाच्या न्यूमोनियाचं वर्णन केलं आणि 'ॲटिपिकल' हा शब्द त्या आजाराला चिकटला. १९४४ मध्ये मन्रो ईटन यांनी अशा रुग्णांच्या बेडक्यातून रोग पसरवणारा घटक वेगळा केला. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून तो पार जात होता, म्हणून तो विषाणूच असणार असं धरलं गेलं. तो इतका लहान आणि लवचीक आहे की गाळणीच्या छिद्रांतून वाकून निघतो. टेट्रासायक्लिन गटाच्या औषधांना तो दाद देतो हे दिसू लागल्यावर शंका वाढली, आणि १९६२ मध्ये चॅनॉक, हेफ्लिक आणि बॅराइल यांनी तो जिवंत पेशींशिवाय, नुसत्या पोषक माध्यमावर वाढवून दाखवला. विषाणू असा वाढत नाही. १९९६ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला: जेमतेम ८ लाख १६ हजार अक्षरं. ई. कोलायची अक्षरं ४६ लाख आहेत.

एवढ्या तुटपुंज्या सामानावर तो जगतो, कारण हवं ते बरंच काही आपल्या पेशींकडून घेतो. त्याच्या एका टोकाला चिकटण्याची खास रचना असते. त्या टोकाने तो श्वासनलिकेच्या आतल्या पेशींना घट्ट धरतो. या पेशींवर सिलिया असतात, केसांसारख्या, सतत हलणाऱ्या. कफ आणि धूळ वर ढकलणं हे त्यांचं काम. जंतू हायड्रोजन पेरॉक्साइड आणि एक विष सोडतो, सिलिया थबकतात, पेशी गळून पडतात. झाडलोट बंद पडलेल्या नळीतून घाण वर आणायला एकच उपाय उरतो, तो म्हणजे खोकणं. जंतू मेल्यावरही या पेशी पुन्हा उगवायला काही आठवडे लागतात, म्हणून ताप जाऊनही खोकला मागे रेंगाळतो.

चाचणीवर किती विश्वास

घशातल्या स्वॅबची पीसीआर दुसऱ्या दिवशी आली: मायकोप्लाझ्मा न्यूमोनिये पॉझिटिव्ह, तपासलेले विषाणू निगेटिव्ह. रक्तातली आयजीएम प्रतिपिंडंही पॉझिटिव्ह.

या चाचण्यांनी मला निश्चिंत केलं असं म्हणता येणार नाही. खोकला-ताप काहीही नसलेल्या निरोगी मुलांच्या घशातही हा जंतू सापडतो. नेदरलँड्समधल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांपैकी सुमारे २१ टक्के पीसीआर पॉझिटिव्ह निघाली होती. आयजीएम पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह असू शकतं आणि एकदा आलं की महिनोन्महिने टिकू शकतं. खोकणाऱ्या प्रत्येक मुलाचा स्वॅब घेत सुटलं तर विषाणूने आजारी पडलेल्या कितीतरी मुलांना या जंतूवरचं अझिथ्रोमायसिन उगाच मिळेल. इथे चाचणीच्या आधीच बाजू भक्कम होती: वीस दिवसांचं अंतर, अमॉक्सिसिलिनचा उपयोग नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, फिल्म आणि मुलीची तब्येत यांचा मेळ नाही, थंड नळीतले कण. पीसीआरने त्यावर शिक्का मारला.

वयाचा प्रश्न राहतो. चार वर्षांच्या मुलीत मायकोप्लाझ्मा पहिल्याच दिवशी माझ्या मनात का आला नाही? कारण आम्ही शिकलो तेव्हा हा शाळकरी मुलांचा आजार होता, पाच ते पंधरा वयाचा. आकडेही तेच सांगत आले. अमेरिकेत २०१० ते २०१२ मध्ये न्यूमोनियाने भरती झालेल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात पाच वर्षांवरच्या १९ टक्के मुलांत हा जंतू सापडला, पाचाखालच्या मुलांत ३ टक्क्यांत. पण त्याच्या साथी दर तीन ते सात वर्षांनी येतात, आणि कोविडच्या काळात तो जवळजवळ गायब होऊन २०२३ पासून जोरात परतला, तेव्हा लहानांनाही त्याने सोडलं नाही. अमेरिकेत मार्चअखेर ते ऑक्टोबर २०२४ या काळात, आपत्कालीन विभागात न्यूमोनिया म्हणून आलेल्या दोन ते चार वर्षांच्या मुलांमधलं मायकोप्लाझ्माचं निदान १ टक्क्यावरून ७.२ टक्क्यांवर गेलं. मोठ्या मुलांत ते ३.६ वरून ७.४ झालं. मोठ्या भावंडाबरोबर एका खोलीत झोपणारं चार वर्षांचं मूल हे 'शाळेबाहेरचं' मूल राहत नाही.

उपचार आणि वाट पाहणं

झोपेत ऑक्सिजन ९२ पर्यंत उतरत होता, म्हणून तिला वॉर्डात ठेवलं. पीसीआरची वाट न पाहता आठव्या दिवशी संध्याकाळीच अझिथ्रोमायसिन सुरू केलं: पहिल्या दिवशी किलोमागे १० मिलिग्रॅम, पुढचे चार दिवस ५. हे औषध भिंतीला हात न लावता जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या रायबोझोमवर काम करतं, आणि शरीरात इतकं टिकून राहतं की पाच दिवसांचा कोर्स त्याहून बराच लांब पुरतो. देण्याआधी हृदयाच्या ठोक्यांचा काही आजार किंवा त्यावर परिणाम करणारं दुसरं औषध नाही, हे विचारून घेतलं. अमॉक्सिसिलिन पाच दिवस पूर्ण होईपर्यंत चालू ठेवलं. उजव्या खंडातला डाग बघता न्यूमोकोकसही सोबत असण्याची शक्यता मी त्या रात्री पुसून टाकू शकत नव्हते.

नवव्या दिवशी ताप ३८.९. दहाव्या दिवशी सकाळी ३८.६. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "हेही लागू पडत नाहीये का, डॉक्टर? दुसरं द्यायचं का?"

प्रश्न रास्त होता. रायबोझोमच्या आरएनएमध्ये ठरावीक जागी एकच अक्षर बदललं की अझिथ्रोमायसिन ज्यातलं आहे त्या मॅक्रोलाइड गटाची सगळी औषधं निकामी होतात. चीनमध्ये बहुसंख्य नमुन्यांत असा बदल सापडतो, युरोपात फार थोड्यांत. मग टेट्रासायक्लिन गटातलं डॉक्सिसायक्लिन हा पर्याय असतो. लहान मुलांचे दात पिवळे पडतील या भीतीने ते वर्षानुवर्षं टाळलं गेलं. ती भीती मुख्यतः जुन्या टेट्रासायक्लिनमुळे आली, आणि २१ दिवसांपर्यंतचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स कोणत्याही वयात देता येतो, अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची आता भूमिका आहे. मी वडिलांना सांगितलं, की ७२ तास पूर्ण होऊ द्या. ऑक्सिजन चढतो आहे, श्वास ३८ वर आला आहे, ती खाते आहे. तापाचा आकडा सोडून सगळं योग्य दिशेने चाललं आहे. उद्या संध्याकाळीही ताप असेल तर सोनोग्राफी पुन्हा करू आणि औषध बदलू.

अकराव्या दिवशी पहाटे ताप ३७.४ होता आणि पुन्हा चढला नाही.

अझिथ्रोमायसिनने तिला बरं केलं, असं छातीठोकपणे मी लिहिणार नाही. हा आजार बहुतेक मुलांत आपला आपणही बरा होतो, आणि मुलांमधल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर औषधाचा फायदा निर्विवाद सिद्ध करण्याइतका पुरावा अजून नाही. भावाला कोणतंच औषध मिळालं नव्हतं आणि तोही बरा झाला. पण ऑक्सिजन ९२ वर उतरणाऱ्या, आठ दिवस तापलेल्या मुलीत मी वाट पाहत बसले नसते.

अंगावरचं पुरळ आणि केसपेपरवरची एक ओळ

नवव्या दिवशी दुपारी पोटावर आणि पाठीवर बारीक लालसर पुरळ उठलं. खाज नाही, गांधी नाहीत. पेनिसिलिनच्याच गटातल्या अमॉक्सिसिलिनचा तो शेवटचा दिवस होता. वॉर्डातल्या केसपेपरवर लाल शाईत कोणीतरी लिहून टाकलं: पेनिसिलिनची ॲलर्जी.

मी सर्वांत आधी तिचं तोंड, डोळे आणि लघवीची जागा पाहिली. मायकोप्लाझ्मानंतर काही मुलांच्या ओठांवर, तोंडात, डोळ्यांत जखमा होतात, खाणं-पिणं बंद पडतं, आणि ते वेळीच ओळखावं लागतं. तसं काही नव्हतं. साधं पुरळ मायकोप्लाझ्मात बऱ्याच मुलांना येतं, औषध दिलेलं असो वा नसो. अमॉक्सिसिलिननेही असं निरुपद्रवी पुरळ येऊ शकतं. ते दोन दिवसांत मावळलं.

पण लाल शाईतली ती ओळ मावळत नाही. ती एका कागदावरून दुसऱ्यावर उतरते, आणि वीस वर्षांनी त्या मुलीला घसा दुखला तरी साधं, स्वस्त, योग्य औषध टाळून भलतंच दिलं जातं. मी ती ओळ खोडली, सही केली आणि खाली लिहिलं: संसर्गाशी संबंधित पुरळ असण्याची शक्यता, गांधी नाहीत, सूज नाही, श्वासाचा त्रास नाही.

नंतर

बाराव्या दिवशी घरी सोडलं. ताप उतरून दिवसभर झाला होता, ऑक्सिजन झोपेतही ९६. आईला स्पष्ट सांगितलं की खोकला तीन-चार आठवडे राहील आणि त्यासाठी पुन्हा प्रतिजैविक मागू नका. परत कधी यायचं तेही सांगितलं: ताप उलटला, धाप लागली, लघवी गडद झाली, डोळे किंवा कातडी पिवळी-फिकट दिसली, तोंडात फोड आले, झोपाळूपणा किंवा चालताना तोल जाणं. शेवटचं यासाठी की हा जंतू क्वचित मेंदू आणि नसांनाही त्रास देतो.

भावाला तपासलं. छाती मोकळी, ताप नाही. औषध दिलं नाही. घरातल्या बाकीच्यांनाही आधीच गोळ्या देण्याचं कारण नव्हतं. कोणाला येत्या तीन आठवड्यांत ताप आणि खोकला आलाच तर या घरातल्या दोन आजारांचा उल्लेख डॉक्टरांपुढे आवर्जून करा, एवढं सांगितलं. याची लस नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही.

माझ्या केसपेपरवरचा छापील प्रश्न आता बदललेला आहे: गेल्या महिन्याभरात घरात किंवा शाळेत कोणाचा खोकला लांबला होता का? वाक्य लांबलं आहे आणि उत्तर द्यायला लोक जरा थांबून आठवतात.

सहाव्या आठवड्यात ती आली तेव्हा श्वास २४, छाती पूर्ण मोकळी. जोरात हसली की अजून एखादी ढास यायची. एक्स-रे पुन्हा काढला नाही. रक्ताची नळी मात्र मुद्दाम खोलीच्या तापमानालाच ठेवून तपासायला सांगितली. एमसीएचसी पहिल्याच खेपेला ३३.८ आलं. निघताना आईने वही पुढे केली आणि मी तिच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: अमॉक्सिसिलिनची ॲलर्जी नाही. खाली तारीख आणि सही.